संगणक म्हातारा कधी होतो?

नागपूरच्या मे महिन्यात घरचा जुना संगणक रखडू लागला, की लगेच सीताबर्डीला नवा घ्यायला धावू नका. पंख्यात धूळ साचली की उष्णता कोंडते आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. वीज बंद करून ब्रशने धूळ झाडा. फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली, तर यंत्र पुष्कळदा तरतरीत होते.

खरी अडचण निराळीच! १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. यंत्र चालते, पण सुरक्षेतल्या नव्या भोकांना पूर्वीसारखी आपोआप ठिगळे मिळत नाहीत. वडील त्यावरच बँकेचे व्यवहार करतात ना? विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. तो नसेल, तर फोटो-फाइली दुसरीकडे उतरवून मोफत लिनक्स बसवून पाहा. मदरबोर्डच गेला असेल, तर मात्र नवा घ्यावा.