रात्रीची बेडूकशिकार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की अहिल्यानगर जिल्ह्यातले ओढे, शेततळी आणि भातखाचरं रात्रभर डरावडराव करत राहतात. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे हा आवाज सलग अनेक रात्री चालतो. पाथर्डी, जामखेड, कर्जतसारख्या कमी पावसाच्या तालुक्यांत मात्र तो एक-दोन रात्रीच ऐकू येतो. हा आवाज आपल्या सर्वांत मोठ्या बेडकांपैकी एकाचा, भारतीय बैल बेडकाचा. त्याचं शास्त्रीय नाव होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस. याच रात्री बॅटरी आणि पोतं घेऊन काही मंडळी बाहेर पडतात. परदेशातल्या बेडूकशिकारीचे व्हिडिओ मोबाइलवर सहज दिसू लागल्यापासून अनेकांना हा पावसाळी छंद वाटू लागला आहे. त्याभोवतीचे गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : बेडकाला कसला आलाय कायदा?

वस्तुस्थिती : हा बेडूक वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 नुसार संरक्षित आहे. कायद्यात शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं, इजा करणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणंसुद्धा शिकारच ठरतं. 2022 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिकार अभयारण्यात झाली, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे, शिवाय किमान पंचवीस हजारांचा दंड. अकोले तालुक्याचा मोठा डोंगराळ भाग 1986 मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. त्याच भागातल्या भंडारदऱ्याला काजवे पाहायला किंवा पावसात भिजायला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

गैरसमज : आपल्याच शेतात, घरच्या जेवणापुरते धरले तर चालतं.

वस्तुस्थिती : सातबारा तुमच्या नावावर असला तरी बांधावरचा वन्यप्राणी तुमच्या मालकीचा होत नाही. विक्रीसाठी धरला की खाण्यासाठी, यानेही फरक पडत नाही. रात्री खेकडे धरायला निघालेल्यांच्या बॅटरीच्या उजेडात बेडूक हमखास येतात. तेही पोत्यात टाकायचे नाहीत. गोव्यात या मांसाला 'जंपिंग चिकन' म्हणतात आणि पावसाळ्यात त्याला मागणी असते. तिथेही ही शिकार गुन्हाच आहे, आणि ती रोखण्यासाठी वनखातं पावसाळ्यात रात्रीची गस्त घालतं.

गैरसमज : अमेरिकेत परवाना काढून शिकार करतात, मग इथेही काही नियम असतील.

वस्तुस्थिती : अमेरिकेतला बैल बेडूक ही वेगळी जात आहे. तिथल्या अनेक राज्यांत शिकारीचा हंगाम, परवाना आणि एका रात्रीत किती बेडूक धरायचे याची मर्यादा ठरलेली असते. पश्चिमेकडच्या राज्यांत तर तो बाहेरून आलेला, स्थानिक जीवांना गिळणारा उपद्रवी प्राणी मानला जातो. आपला बेडूक इथलाच, इथल्या शेतीसोबत जगणारा आहे. त्याच्यासाठी परवाना नाही, हंगाम नाही, मर्यादाही नाही. नियम एकच : शिकार करायची नाही.

या परदेशी व्हिडिओंतलं तंत्रही समजून घ्यायला हवं. डोळ्यांवर प्रखर उजेड पडला की बेडूक दिपतो आणि जागच्या जागी थिजतो. मग त्याला हाताने किंवा भाल्याने टिपतात. ओरडणाऱ्या नराचा ठावठिकाणा त्याच्या आवाजानेच कळतो. म्हणजे हाती लागतात ते मादीला साद घालणारे नर आणि अंड्यांनी पोट भरलेल्या माद्या. पुढची पिढी जन्मण्याआधीच पोत्यात जाते.

गैरसमज : पावसात हजारो निघतात, थोडे धरल्याने काय कमी होणार?

वस्तुस्थिती : ते हजारो 'निघत' नाहीत, 'गोळा' होतात. उन्हाळाभर मातीत खोल दडून बसलेले आसपासचे बेडूक मोजक्या रात्री एकाच पाणवठ्यावर जमतात. त्यामुळे एका डबक्यावरच्या गर्दीत त्या परिसरातले बहुतेक बेडूक असू शकतात. मादी हजारो अंडी घालते, पण त्यातले फारच थोडे प्रौढ होतात. भैरोट्यांना, म्हणजे बेडकाच्या पिल्लांना, डबकं आटण्याआधी पाय फुटले पाहिजेत. पावसाने ताण दिला की सगळी वीणच वाळून जाते. आपल्या अवर्षणग्रस्त तालुक्यांत हे नेहमीच घडू शकतं.

सजीवांना असलेल्या धोक्याची नोंद ठेवणाऱ्या जागतिक यादीत ही जात आज 'चिंताजनक नाही' या गटात आहे, हे खरं. पण भरपूर असलेला प्राणीही किती झपाट्याने संपवता येतो, हे आपण पाहिलं आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भारत वर्षाला चार हजार टनांपेक्षा जास्त बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवत होता. 1985 मध्ये या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आला आणि 1987 मध्ये भारताने निर्यातच बंद केली. भात, ऊस आणि सोयाबीनवरच्या किडी खाणारा हा जीव शेतकऱ्याकडून एक रुपयाही न घेता काम करतो. तो गेला की त्या जागी फवारणी येते, आणि तिचा खर्च आपल्याच खिशातून जातो.

गैरसमज : पिवळाजर्द बेडूक विषारी असतो.

वस्तुस्थिती : एरवी हिरवट-तपकिरी असणारा नर विणीच्या काळात पिवळाधमक होतो आणि त्याच्या गळ्याच्या पिशव्या निळ्या दिसतात. 2020 मध्ये मध्य प्रदेशातल्या नरसिंहपूरचा अशा बेडकांचा व्हिडिओ देशभर फिरला, तेव्हा अनेकांना ती नवी जात वाटली. हा रंग विषाचा इशारा नसून मादीसाठीची खूण आहे. बेडकाला हात लावल्याने चामखीळ होते, हेही खरं नाही. चामखीळ विषाणूमुळे होते. भेकाच्या (टोडच्या) कातडीतला स्राव मात्र डोळ्यांना झोंबतो, म्हणून हाताळू नये आणि हात लागलेच तर धुवावेत.

गैरसमज : धोंडी काढताना बेडूक बांधला की पाऊस येतो.

वस्तुस्थिती : बेडूक पाऊस आणत नाही, पाऊस पडला म्हणून बेडूक बाहेर येतो. धोंडीची परंपरा लिंबाचा पाला आणि पाण्याच्या घागरी घेऊन जिवंत ठेवता येते. त्यासाठी मुसळाला बेडूक बांधून उन्हात फिरवण्याची गरज नाही.

गैरसमज : धरलेले बेडूक दुसऱ्या तळ्यात सोडले तर पुण्यच लागतं.

वस्तुस्थिती : हाच बेडूक माणसामुळे अंदमानात पोहोचला. तिथे त्याचे भैरोटे स्थानिक बेडकांच्या भैरोट्यांना खातात. एका पाण्यातला रोगही प्राण्याबरोबर दुसऱ्या पाण्यात जातो. बेडूक जिथे आहे, तिथेच राहू द्यावा.

रात्री बेडूक पाहायला जरूर जा. बॅटरीचा उजेड मंद ठेवा, तो डोळ्यांवर रोखू नका आणि चार हात लांबून आवाज ऐका. पहिल्या पावसाच्या रात्री ओढ्याजवळच्या रस्त्यावर गाडी हळू चालवा. चाकाखालीही खूप बेडूक जातात. बांधावरचं डबकं बुजवू नका आणि त्यात फवारणीचा पंप धुऊ नका. कुठे पोती भरून बेडूक धरले जाताना दिसले, तर स्वतः वाद घालण्यापेक्षा वनविभागाच्या 1926 या टोल-फ्री क्रमांकावर कळवा. जगातल्या उभयचरांच्या जवळपास 41 टक्के जाती आज धोक्यात आहेत. आपल्या शिवारातली ही जात अजून धोक्यातल्या जातींत गेलेली नाही. ती जाऊ न देणं आपल्याच हातात आहे.