वार्धक्य आणि घरची व्यवस्था

शेतास खत किती घालावें, पाणी केव्हां द्यावें, याचा विचार आपण सर्व करितों. परंतु ज्या हातांनीं तें शेत उभें केलें, त्यांची उतारवयांत घरीं काय सोय आहे, याचा विचार क्वचितच होतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालच्या आपल्या अहवालांत निरोगी वार्धक्याचा विचार करितांना माणसाच्या अंगच्या शक्तीबरोबर भोंवतालच्या परिस्थितीसही तितकेंच महत्त्व दिलें आहे.

प्रथम घर पाहूं. उंच उंबरठा, न्हाणींतील शेवाळलेली फरशी, माडीचा अरुंद जिना व रात्रीचा अंगणांतील अंधार, या चार ठिकाणीं म्हातारें माणूस पडतें. या वयांत हाडें ठिसूळ होतात. खुब्याचें हाड मोडलें कीं माणूस अंथरुणास खिळतो व अंगांतील बळ झपाट्यानें ओसरतें. न्हाणींत धरावयास दांडी, पायाखालीं खरबरीत फरशी, वाटेवर दिवा आणि सहज उठतां येईल अशा उंचीची बाज, एवढी तजवीज प्रत्येकानें करावी. गांवांतही पारापर्यंतची वाट कोरडी व सपाट असावी. चार माणसांत बसण्यानें अंग व मन दोन्ही हालतीं राहतात.

महसूल खात्यांत कारकुनी करितांना पाहिलेली एक गोष्ट सांगतों. एका वृद्धानें सारी जमीन मुलांस बक्षीस दिली. पुढें दोन वर्षांनीं तो कचेरींत आला व आपलें नांव असलेल्या जुन्या उताऱ्याची नक्कल मागूं लागला. मुलें वाईट नव्हतीं, दोन वेळां जेवावयास मिळत होतें. पण बाज गोठ्याशेजारीं गेली होती आणि पेरणीचें त्यास कोणी विचारीत नसे. माणूस निम्मा झाला होता.

जमीन देणाऱ्यांनीं २००७ सालच्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या कायद्याचें कलम २३ ध्यानांत ठेवावें. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास, त्या कायद्याखालील न्यायाधिकरणाकडून परत मिळवितां येते. म्हणून बक्षीसपत्रांत ती अट स्पष्ट लिहवावी.

तथापि मान कागदानें मिळत नाहीं. बियाणें निवडणें, वासरांवर लक्ष ठेवणें, असें झेपेल तें काम वडिलांकडे असूं द्यावें, आणि येत्या पेरणीस तिफण जुंपण्यापूर्वीं त्यांस विचारावें, इतकीच वाचकांस विनंति आहे.