गाडीत बेकायदा पिस्तूल सापडलं, तर गाडीतले सगळेच दोषी ठरतात का?

कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत सराव करून २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी झालेला पैलवान सिकंदर शेख याला ऑक्टोबर २०२५ मध्ये पंजाब पोलिसांनी शस्त्रतस्करीच्या आरोपाखाली अटक केली. चौघांच्या अटकेत पाच पिस्तुलं, रोकड आणि दोन गाड्या जप्त केल्याचं पोलिसांनी सांगितलं. कुटुंबानं आरोप फेटाळले. नोव्हेंबरमध्ये त्याला जामीन मिळाला.

शिक्षा किती?
शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन ते पाच वर्षं कैद होऊ शकते. बेकायदा विक्रीसाठी सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

गाडीत असणं पुरेसं आहे का?
नाही. शस्त्राची माहिती होती आणि त्यावर ताबा होता, हे सिद्ध व्हावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात हे स्पष्ट केलं. मात्र शस्त्र खिशातच हवं असंही नाही. दुसऱ्याकडे ठेवलं, पण ताबा आपलाच असेल, तरी गुन्हा होतो.

जामीन म्हणजे सुटका?
तेही नाही. अटकेनं कुणी दोषी ठरत नाही, जामिनानं निर्दोषही ठरत नाही. निकाल न्यायालयात पुराव्यांवरच लागतो.