सह्याद्रीवरील हवेच्या लाटा

वाईच्या घाटावरून पावसाळ्याच्या अखेरीस कृष्णेकडे पाहिलें असतां असें दिसतें कीं, बुडालेल्या खडकावरून पाणी वेगानें निघून जातें, परंतु खडकामागची लाट जागची हालत नाहीं. पाणी नवें, लाट तीच. डोंगरावरून वाहणारा वाराही अशाच लाटा उत्पन्न करितो. मात्र ढगांनीं आकार दिल्यावांचून त्या डोळ्यांस दिसत नाहींत.

डोंगर चढतांना हवा प्रसरण पावून थंड होते. ती सभोंवतालच्या हवेहून जड झाली म्हणजे गुरुत्वानें खालीं येते, वेगाच्या भरांत आपली मूळ पातळी ओलांडते आणि पुनः वर उसळते. या आंदोलनांस गुरुत्व-लहरी म्हणतात. (ज्यांच्या वेधार्थ हिंगोली जिल्ह्यांत वेधशाळा योजिली आहे, त्या गुरुत्वाकर्षण-लहरी अगदीं निराळ्या.) एका हेलकाव्यास साधारणतः १० मिनिटें लागतात, तेवढ्या अवधींत वारा जितकें अंतर कापील, तितकीच रुंद डोंगरावरील लहरीची उभी लांबी असते. सेकंदास १० मीटर वारा असल्यास ती सुमारें ६ किलोमीटर भरते. वारा निम्मा झाला कीं लांबीही निम्मी होते.

येथेंच खरी मौज आहे. पावसाळ्यांत आपल्याकडे खालीं पश्चिमेचा जोरकस वारा असतो, पण तो वर वर मंद होत जातो आणि साधारण ६-७ किलोमीटरांच्या पुढें चक्क पूर्वेकडून वाहूं लागतो. मधल्या एका पातळीवर डोंगराच्या रोखानें वारा शून्य असतो. लहर त्या पातळीजवळ येतां येतां तिचीं शिखरें दाटत जातात, चढण्याचा वेग मंदावतो आणि ती पलीकडे जाऊं शकत नाहीं. आपल्याबरोबर आणलेला जोर ती तेथल्या वाऱ्यास देऊन टाकते. बुकर व ब्रेदरटन यांनीं १९६७ सालीं हें गणितानें दाखविलें. उलट, वर वारा अतिशय वाढत असेल, तर लहर खालच्या थरांत कोंडली जाऊन डोंगरामागें दूरवर पसरते. त्याची कसोटी स्कोरर यांनीं १९४९ सालीं दिली होती.

हिशेब करावयाचा तो असा. फुग्याबरोबर यंत्र सोडून प्रत्येक उंचीवरील वारा व उष्णता मोजावी, वातावरणाचे थर कल्पावे, प्रत्येक थरांत समीकरण सोडवावें आणि थरांच्या सीमांवर उत्तरें जुळवून घ्यावीं. आर. पी. सरकार यांनीं १९६६ सालीं पश्चिम घाटासाठीं अशी प्रतिकृति प्रसिद्ध केली. पाऊस चढावर वाढत जाऊन माथ्याच्या अलीकडेच कळसास पोहोंचतो व पलीकडे झपाट्यानें घटतो, असें तींतून निघालें. वाईकरांस याचें नवल नाहीं: महाबळेश्वरीं वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि अवघ्या २५ किलोमीटरांच्या आंत असलेल्या वाईस १,००० मिलिमीटरही नाहीं.

परंतु गणकयंत्र पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करितें. चौकोन १०० किलोमीटरांचा असल्यास दोन्ही गांवें एकाच घरांत पडतात आणि घाट जणूं सपाट होतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें सिद्ध केलेली व २०२५ सालीं कार्यान्वित झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम ६ किलोमीटरांपर्यंत बारीक आहे. तींतही पांडवगडासारखा डोंगर एखाद्या घरांतच गडप होतो. त्याची लहर किती उंच जाईल व वाऱ्यास कोठें अडवील, हें निराळ्या नियमानें अंदाजूनच हिशेबांत धरावें लागतें.