परळचा कर्नल

परळच्या हाफकिन संस्थेच्या संचालकपदावर १९३२ साली पहिल्यांदा हिंदी माणूस बसला. साहिब सिंग सोखे हे त्याचं नाव, आणि पेशाने तो लष्करातला डॉक्टर होता. यात तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही, कारण इंडियन मेडिकल सर्व्हिसची घडणच तशी होती. डॉक्टरने आधी पलटणीत काही वर्षं काढायची, मग प्रांतिक सरकार त्याला मागून घ्यायचं: जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन म्हणून, तुरुंगाचा अधीक्षक म्हणून किंवा प्रयोगशाळेसाठी. हुद्दा मात्र लष्करीच राहायचा आणि लढाई पेटली की परत बोलावणं यायचं.

सोखे एडिनबराला शिकले, पहिल्या महायुद्धाआधी या सेवेत शिरले आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांनी परळला आले. संस्थेचा परळचा वाडा एकेकाळी मुंबईच्या गव्हर्नरचा. १८९९मध्ये तिथे प्लेगची प्रयोगशाळा थाटली गेली. संस्था ज्यांच्या नावाने आहे, त्या शास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेगवरची मूळ लस बोकडाच्या मांसाच्या रसात वाढवलेल्या जंतूंची. गाय किंवा डुक्कर म्हटलं तर टोचून घ्यायला कोण पुढे येणार? रसावर तुपाचे थेंब सोडले की त्यांच्याखाली जंतूंच्या पारंब्या लोंबत. सोखे यांनी मांसाचा रस काढून टाकला आणि दुधातल्या केसीनपासून केलेल्या द्रवात जंतू वाढवले. लसीचा जोर उंदरांवर मोजूनच ती बाहेर पाठवायची, अशी शिस्तही घातली. मला यात लष्करी माणूस दिसतो: माल पाठवण्याआधी तो तपासलाच पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारी औषधं आटली, तेव्हा याच संस्थेत सल्फाथायाझोल तयार होऊ लागलं. सरकारी प्रयोगशाळा औषध शोधू शकते तशी बनवूही शकते आणि स्वस्तात देऊ शकते, ही सोखे यांची पक्की धारणा होती. ती खासगी कारखानदारांना आणि पेटंटवाल्यांना रुचणारी नव्हती, हे सांगायला नकोच.

घरही चाकोरीबाहेरचं. पत्नी लीला म्हणजे नर्तकी मेनका. १९३६च्या बर्लिनच्या नृत्यस्पर्धेत बक्षिसं मिळवून आलेल्या, खंडाळ्याला नृत्यशाळा काढणाऱ्या. लष्करी अधिकाऱ्याच्या बायकोने रंगमंचावर कथक करायचं, हे त्या काळात भल्याभल्यांना पचत नसणार.

पण सगळ्यात धाडसाची गोष्ट वेगळीच. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना १९३८मध्ये राष्ट्रीय नियोजन समिती नेमली गेली. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिच्या आरोग्यविषयक उपसमितीचं अध्यक्षपद सोखे यांनी स्वीकारलं. पगार इंग्रज सरकारचा आणि आखणी स्वतंत्र हिंदुस्थानच्या आरोग्याची! या उपसमितीने सुचवलं की खेड्यात दर हजार माणसांमागे एक आरोग्यसेवक असावा, त्याला थोडक्या महिन्यांचं व्यवहारी शिक्षण द्यावं. पुढे इंग्रज सरकारने आरोग्यव्यवस्थेसाठी नेमलेल्या भोर समितीने मात्र सगळा भर पूर्ण शिकलेल्या डॉक्टरवर दिला, आणि स्वतंत्र भारताने तीच वाट धरली. तो डॉक्टर खेड्यात किती टिकला, हे वाचकांना ठाऊक आहे.

सोखे मेजर जनरल झाले, जागतिक आरोग्य संघटनेचे सहायक महासंचालक झाले, १९५२ ते १९५६ राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य राहिले. १९५३चं स्टालिन शांतता पारितोषिकही त्यांना मिळालं. औषधनिर्मिती सरकारच्या हाती हवी, हा धोशा त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. १९७१मध्ये ते वारले. हाफकिनमधल्या औषधनिर्मितीसाठी राज्य सरकारने वेगळं महामंडळ काढलं ते १९७५मध्ये.

हजारामागे एक आरोग्यसेविका देशाला मिळाली ती २००५मध्ये, ‘आशा’ या नावाने. ती अजूनही सरकारी नोकर नाही, मानधनावर राबते.