'दर्पण' बंद पडल्यानंतरचे बाळशास्त्री

दर वर्षी ६ जानेवारीला कॉलेजच्या ग्रुपवर 'पत्रकार दिनाच्या शुभेच्छा' येऊन पडतात, सोबत बाळशास्त्री जांभेकरांचं चित्र. १८३२ साली याच तारखेला मुंबईत 'दर्पण' निघाला, मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र. एवढं तुम्हालाही पाठ असेल. पण 'दर्पण' १८४० मध्ये बंद पडला. पुढे हा माणूस काय करत होता? ते परीक्षेला येत नाही.

बाळशास्त्री मुळात मास्तर. कोकणातल्या पोंभुर्ल्याहून मुंबईत शिकायला आले आणि १८३४ मध्ये, जेमतेम बाविशीत, एल्फिन्स्टनमध्ये असिस्टंट प्रोफेसर झाले. त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय. (बाविशी म्हणजे आपण इंटर्नशिपच्या सर्टिफिकेटसाठी मेल टाकत बसतो ते वय!) शिकवायला मराठीत पुस्तकं नाहीत, मग स्वतःच लिहायला बसले. व्याकरण, भूगोल, इतिहास, नीतिकथा. आणि माटुंग्याच्या व्हीजेटीआयवाल्यांनो, तुमचं कॅल्क्युलससुद्धा! त्या पुस्तकाचं नाव 'शून्यलब्धिगणित'.

पण नुसत्या पुस्तकांनी शाळा चालत नाही, शिकवणारा माणूस लागतो. मराठी शाळांचे तपासनीस म्हणून काम करताना हा प्रश्न रोजच त्यांच्यासमोर असणार. १८४५ मध्ये शिक्षक तयार करणारा नॉर्मल क्लास सुरू झाला, आजच्या डीएड-बीएडचा खापरपणजोबा म्हणा. तो बाळशास्त्रींच्या हाती होता. मला विचाराल तर 'दर्पण'इतकंच हे मोठं काम. फक्त त्याचा दिवस साजरा होत नाही.

नोकरदार मास्तराने गप्प राहावं, असं तेव्हाही लोकांना वाटायचं. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचं प्रकरण गाजलं. थोरल्या भावामागोमाग तो मिशनऱ्यांकडे राहिला होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं, पण जात त्याला आत घेईना. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्या, अशी बाजू बाळशास्त्रींनी उघडपणे घेतली आणि सनातनी त्यांच्यावर तुटून पडले. प्रायश्चित्त तरी कशाला, असं आज तुम्ही म्हणाल. त्या काळी तेवढंही पुष्कळांना जास्त वाटलं.

मे १८४६ मध्ये बाळशास्त्री गेले. वय अवघं ३४. नॉर्मल क्लासने अजून बाळसंही धरलं नव्हतं. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक पारशी मुलगा काही वर्षांनी एल्फिन्स्टनमध्येच गणिताचा प्राध्यापक झाला. दादाभाई नौरोजी.