स्तंभावरील तपस्वी : बुन्युएलच्या ‘सिमॉन देल देसिएर्तो’मधील भक्ती, मोह आणि उपहास

अतिवास्तववादाचा उल्लेख झाला की सामान्यतः वस्तऱ्याने चिरला जाणारा डोळा आठवतो. ही प्रतिमा लुईस बुन्युएल (१९००–१९८३) या स्पॅनिश दिग्दर्शकाने साल्वादोर दाली यांच्यासमवेत निर्मिलेल्या ‘अं शियाँ आंदालू’ (१९२९) या मूकपटातील आहे. त्यानंतर छत्तीस वर्षांनी बुन्युएल यांनी मेक्सिकोत ‘सिमॉन देल देसिएर्तो’ (१९६५) हा अवघ्या पंचेचाळीस मिनिटांचा चित्रपट पूर्ण केला. त्यात डोळा चिरलेला नाही; तरीही धार्मिक जीवनाचा इतका मर्मभेदी उपहास त्यांच्या अन्य चित्रपटांतही क्वचितच आढळतो. हा उपहास नेमका कोणाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कथेचा आधार ऐतिहासिक आहे. पाचव्या शतकात सिरियात, अलेप्पोनजीक, संत सिमेऑन नावाचा तपस्वी उंच खांबावर सुमारे सदतीस वर्षे राहिला, इ. स. ४५९ मध्ये त्याचे निधन झाले. माद्रिदमधील विद्यार्थिदशेत कवी लोर्का यांच्यामुळे बुन्युएल यांना या संताची ओळख झाली. बालपणी जेझुइट शाळेत शिकलेल्या या नास्तिक दिग्दर्शकाला ख्रिस्ती कर्मकांडाची भाषा आतून अवगत होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. परक्याने केलेली टवाळी आणि घरच्याने केलेली टवाळी यांत फरक असतो.

चित्रपटाच्या आरंभी सिमॉनला (क्लाउडिओ ब्रूक) खांबावर सहा वर्षे, सहा आठवडे आणि सहा दिवस झालेले आहेत. या आकड्यातच बायबलमधील सैतानी संख्येची खोडी आहे. एका धनिकाने त्याला अधिक उंच खांब भेट दिला आहे. तपश्चर्येलाही बढती मिळते, ती अशी! त्याच प्रसंगी चोरीच्या शिक्षेपायी हात गमावलेला एक मनुष्य याचना करतो. सिमॉन प्रार्थना करतो आणि हात परत येतात. हा मनुष्य त्या हातांचे पहिले काम काय करतो? हात पूर्वीचेच आहेत का, असे विचारणाऱ्या स्वतःच्या लेकराला तो फटकावतो. जमाव विशेष आश्चर्य न करता पांगतो. चमत्कार खरा आहे, संतही ढोंगी नाही. माणसे मात्र होती तशीच राहतात. उपहासाचे पहिले लक्ष्य त्यामुळे सिमॉन नसून चमत्काराला बाजारातील वस्तूप्रमाणे घरी नेणारे भक्त आहेत, असे माझे मत आहे.

अर्थात सिमॉनही सुटत नाही. आशीर्वाद देण्याची सवय त्याला इतकी जडते की, समोर दिसेल त्याला तो आशीर्वाद देऊ लागतो आणि दातांत अडकलेला कणही त्यातून वगळत नाही. प्रार्थना म्हणताना शेवट आठवत नाही. ‘तुझे’ आणि ‘माझे’ यांतील भेद एक संन्यासी त्याला समजावू पाहतो, पण त्याला तो उमगत नाही. त्या संन्याशाच्या मते ही निःस्वार्थता स्तुत्य आहे, परंतु माणसांच्या फारशा उपयोगाची नाही. चित्रपटाचा कणा मला याच संवादात दिसतो. जे तप कोणालाच स्पर्श करीत नाही, त्याचे मूल्य काय?

आपल्याकडील पुराणकथांत तपोभंग होतो तो अप्सरेच्या सौंदर्याने. येथे सैतान (सिल्व्हिया पिनाल) शाळकरी मुलीच्या वेषात येतो, तसाच दाढी लावून, कोकरू घेऊन, मेंढपाळ ख्रिस्ताच्या रूपातही येतो. दुसरे रूप अधिक घातक ठरते, कारण त्यात मोह भक्तीचीच भाषा बोलतो. सिमॉन क्षणभर फसतो आणि प्रायश्चित्त म्हणून एका पायावर उभा राहतो. फिगेरोआ यांच्या कॅमेऱ्याने खांबावरील ही एकाकी आकृती विस्तीर्ण आकाशाच्या पार्श्वभूमीवर टिपली आहे. तिची प्रतिष्ठा मात्र कोठेही उणावत नाही. पण खरा मोह सैतानाच्या एकाही रूपात नाही. जिला आपण जवळ करू शकत नाही असे त्याने सांगितले, ती आई खालीच झोपडी बांधून राहते. जमिनीवर तिच्यासोबत धावावे, तिच्या मांडीवर डोके ठेवावे, असे चित्र त्याच्या मनात उमटते. तेथे सैतानाची गरजच उरत नाही.

निर्मितीसाठी पैसा अपुरा पडल्याने चित्रपट नियोजनापेक्षा आखूड झाला. व्हेनिस महोत्सवात १९६५ मध्ये त्याला परीक्षक मंडळाचा विशेष पुरस्कार मिळाला. शेवट घाईचा वाटतो, हा आक्षेप पूर्णतः नाकारता येत नाही. वाळवंटातून सरकत आलेल्या शवपेटीतून सैतान बाहेर पडतो, आकाशातून विमान जाते आणि सिमॉन थेट विसाव्या शतकातील न्यूयॉर्कच्या नृत्यगृहात पोहोचतो. अतिवास्तववादातील विसंगत वस्तूंचे सान्निध्य येथे काळालाच लागू केले आहे. मात्र हा तपोभंग नव्हे. सिमॉनने काहीही स्वीकारलेले नाही; त्याला केवळ उचलून आणले आहे. तरुण बेभान नाचत आहेत आणि तो पाइप हाती घेऊन कंटाळून बसला आहे. तो घरी जायचे म्हणतो. त्यावर सैतान सांगतो की, तुझ्या जागी आता दुसरा भाडेकरू आला आहे, आणि नाचायला निघून जातो.